आजीचं चाडं वाचवायचंय: वस्तीवरचं माळवद सोमवारी पाडणार आहेत

माळवदावरची
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आमची शेती मंगळवेढा तालुक्यात. गावापासून लांब, शेतातच आजोबांनी बांधलेलं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर आहे. गेली चौदा वर्षं तिथे कुणी राहत नाही. वाटण्या झाल्या आणि वस्तीचा तुकडा चुलतभावाकडे गेला. त्याला तिथे स्लॅबचं घर बांधायचंय. त्याचं काही चुकत नाही, तुळया वाळवीने पोकळ झाल्यात आणि एका खणावरची पांढरी माती आधीच खाली आलीय. सोमवारी जेसीबी येणार.

काल मी आणि धाकटी काकी शेवटचं बघायला म्हणून गेलो. भिंतीतल्या बळदाच्या, म्हणजे धान्य साठवायच्या पोकळ जागेच्या तोंडावरची फळी काढली, तर आत गोणपाटात गुंडाळलेलं आजीचं चाडं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पेरताना कुरीवर, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजारावर जो लाकडी वाडगा बसवतात, ज्यात मुठीने बी सोडायचं आणि ते नळ्यांतून जमिनीतल्या तीन ओळींत पडायचं, ते चाडं. हे वीतभर रुंद आणि चार बोटं खोल आहे. तळाला तीन भोकं. काठापासून एका भोकापर्यंत चीर गेलीय, तिच्यावर कुणीतरी डब्याचा पत्रा कापून बारीक चुका मारल्यात. हात लावला की मैद्यासारखं पिवळसर पीठ पडतं. आणि काठ एका बाजूला असा झिजलाय, जशी सहाण झिजते. तो आजीच्या हाताने झिजलाय.

बहात्तरच्या दुष्काळात आमचे बैल गेले. घरातली सगळी माणसं खडी फोडायला जात होती. त्या वर्षी कुरीचं लाकूड चुलीत गेलं. दिंड, फण, दांडी, सगळं. चाडं मात्र आजीने बळदात लपवलं. पुढे नव्या कुऱ्या झाल्या, चाडं हेच राहिलं. काकी लग्न होऊन आली तेव्हा आजीने याच्यावरच तिला मूठ धरायला शिकवली.

पुण्यातल्या एका फर्निचरवाल्याला फोटो पाठवला. तो म्हणतो, मशिनने घासतो, चीर भरतो, वर मेलामाइनचं पॉलिश मारतो, नव्यासारखं दिसेल. मला नव्यासारखं नकोय, पण ते डोळ्यांदेखत पीठ होऊन जायलाही नकोय. काय करू?

सुताराचा_नातू
ताई, एक विनंती. घासू देऊ नका. पॉलिश पेपरचा पहिला हात फिरला की ती झीज गेली, ती परत येत नाही. आमचे आजोबा बार्शीकडे बलुत्यावर कुऱ्या, कुळव, नांगर करायचे. चाडं ते अखंड ठोकळ्यातून कोरून काढत, जोड नाही. म्हणून चीर गेली तरी दोन तुकडे होत नाहीत लवकर.

आता हलवण्याआधी जागेवर फोटो काढा. बळदाचे, फळीचे, गोणपाटाचे. चाड्याचे वरून, खालून, चारी बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. भोकांचा व्यास मोजा, तिन्हींचा वेगवेगळा. आणि एक सांगा, काठ कुठल्या बाजूला झिजलाय? खाली नळ्या बसायच्या त्या खुणा आणि दोरीचा काच दिसेल, त्यावरून पुढची बाजू कळते.

वऱ्हाडची_लेक
वाचून डोळे भरले. आमच्याकडे तिफण म्हणतात, पण चाडं मात्र चाडंच. मागे तुरीसाठी सरतं, म्हणजे एका नळीचं वेगळं चाडं बांधायचं. माझ्या सासूबाई पेरणीच्या दिवशी चाड्याला हळदकुंकू लावल्याशिवाय पहिली मूठ टाकत नसत. आमची तिफण कुणी, कधी, कुठे टाकली तेही आज सांगता येत नाही. तुम्ही वाचवा.

पाभरवाले
नगर-नाशिककडे पाभर. एकच अवजार, दर शंभर कोसांवर वेगळं नाव. तुमच्याकडची कुरी कानडी मुलखाच्या शेजाराची आहे. धाग्यात आणखी शब्द जमवू या.

माळवदावरची
@सुताराचा_नातू, आत्ताच मोजलं. दोन भोकं सारखी आहेत, तिसरं जरा मोठं, त्याचाच काठ तुटलाय. झीज डावीकडे आहे, म्हणजे दोरीच्या काचावरून पुढची बाजू धरली आणि मागे उभं राहून पाहिलं तर डावीकडे.

सुताराचा_नातू
डावीकडे? मग तुमच्या आजी डाव्या हाताने मूठ सोडत असणार. उजव्या हाताची झीज उजव्या काठावर पडते, मनगट टेकतं तिथे. काकींना विचारा.

माळवदावरची
विचारलं. काकी क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, "व्हय गं. डावरी होती. जेवायची उजव्या हातानं, लोकं नावं ठिवतील म्हणून. पेरायची डाव्या हातानं. रानात कोण बघतंय!"

मी तिची सख्खी नात, तिच्या हातचं खाऊन वाढले. मला हे माहीत नव्हतं. आजीला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज तिच्याबद्दलची नवी गोष्ट कळली, ती एका लाकडाच्या काठावरून.

जतनाचं_काम
मी वस्तुसंग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, लाकूड आणि कापड मुख्यतः. थोडं सविस्तर लिहिते.

आधी कीड. मैद्यासारखं पीठ म्हणजे वाळवी नाही. वाळवी मातीचे पापुद्रे आणि बोगदे करते. हे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्याचं काम आहे, त्याची अळी आतून लाकूड खाते. ती जिवंत आहे की जुनं पीठच झडतंय, ते आधी बघा. ब्रशने सगळं पीठ हलक्या हाताने झाडा आणि चाडं काळ्या कागदावर ठेवून द्या. दोन-तीन आठवड्यांत कागदावर ताज्या पिठाच्या ढिगल्या दिसल्या तर कीड जिवंत. तोवर घरातल्या दुसऱ्या लाकडी सामानापासून लांब ठेवा.

जिवंत असेल तर रसायन ओतू नका, गोठवा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढायची, चिकटपट्टीने बंद करायची आणि उणे १८ अंशांखाली दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत एक पूर्ण दिवस तशीच ठेवायची, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर जमतं, लाकडावर नाही. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा यासाठी भरवशाचा नाही, दार सारखं उघडतं.

चीर भरू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. पुण्यात तर हे दरवर्षी होणार. चिरेत कडक एपॉक्सी भरली की लाकडाला हलायला जागा उरत नाही आणि शेजारी नवी चीर जाते. तो पत्र्याचा तुकडा आणि चुका काढू नका. ती दुरुस्तीही वस्तूच्या आयुष्यातलीच आहे. चुका गंजल्या असतील तर कोरड्या ब्रशने गंजाची भुकटी झाडा, तेवढं पुरे. भोकाचा काठ फारच भुसभुशीत असेल तर तेवढ्याच भागाला अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ पातळ करून सोडता येतं. हे अ‍ॅक्रिलिक राळेसारखं असतं, पुढे कुणाला काढावंसं वाटलं तर अ‍ॅसिटोननेच निघतं. पण पहिल्यांदा करत असाल तर आधी दुसऱ्या जुन्या लाकडावर करून बघा, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको.

पाण्याने धुणं, उन्हात वाळवणं, दोन्ही नाही. गोणपाटही टाकू नका. झटकून वेगळ्या पिशवीत ठेवा, त्यातही कीड असू शकते.

काळी_माती
सगळं ठीक, पण मनातलं बोलतो. काचेच्या पेटीत ठेवलेलं चाडं म्हणजे पिंजऱ्यातला पोपट. ते पेरायला केलंय. ताई, ऑक्टोबरात न्या रानात, काकींच्या हातात द्या, निदान एक ओळ पेरू द्या. आजीलाही तेच आवडलं असतं. आमच्या घरी जवसाचं तेल पाजलेलं जू अजून टणक आहे, चाड्यालाही तेल पाजा आणि वापरा.

जतनाचं_काम
काळी_माती, तुमची भावना समजते. पण तुमचं जू रोज हाताळलं जात होतं, लाकूड धडधाकट होतं. आतून पोखरलेल्या लाकडाला तेल पाजलं तर ते पिठात मुरतं, चिकट होतं, धूळ धरतं, काळवंडतं, आणि नंतर कसलाच उपचार आत शिरत नाही. शिवाय जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका कधी. तेल वाळताना उष्णता धरतं आणि बोळा आपोआप पेटतो. सुतारकामाच्या जागी अशा आगी लागतात. बोळे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जिरायती
कृषी पदवीधर आहे, सोलापूर भागातच नोकरी केली. मला वेगळीच काळजी वाटतेय आणि ती कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

ताई, चाडं हातमोजे घालून हाताळा. पीठ झाडताना नाकातोंडाला मास्क. लहान मुलांना देऊ नका आणि त्यात खाण्याचं काही ठेवू नका. कारण असं, की ज्वारीवर काणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून बियाण्याला औषध चोळायची पद्धत जुनी आहे. गंधक चोळत होते, आजही ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम हीच शिफारस आहे आणि ते त्या मानाने सौम्य. पण मधल्या काळात पाऱ्याची बुरशीनाशकंही बियाण्याला चोळली जात. धान्य साठवताना बीएचसी या कीटकनाशकाची पावडर सर्रास टाकत. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसी १९९७ मध्ये. तुमचं चाडं कित्येक वर्षं औषध चोळलेल्या बियाण्याने घासलं गेलंय आणि नंतर बळदात पडून होतं. पारा आणि ही क्लोरीनयुक्त औषधं लाकडात दीर्घकाळ राहतात. तुमच्या घरी काय वापरलं ते काकी सांगतील, पण वापरलं असेलच असं धरून वागा. गोठवायचं तर खाण्याचे पदार्थ असलेल्या फ्रिजरमध्ये अजिबात नाही.

जाता जाता, तुमचं चाडं साधं आहे. पुढे कोरडवाहूसाठी दोन चाड्यांची पाभर आली, एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, म्हणजे खत बियाण्याशेजारी ओलीत पडतं. रब्बी ज्वारीला हेक्टरी १० किलो बी, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर, असं आम्ही शेतकऱ्यांना सांगायचो. आणि मी स्वतः पाहिलंय, मूठ धरणारी जुनी बाई एकरभर पेरून झाल्यावर उरलेलं बी मोजलं तर शिफारशीच्या मूठभरही इकडेतिकडे नसायचं. तराजू तिच्या करंगळीत होता.

माळवदावरची
जिरायतीकाका, मनापासून आभार. अंगावर काटा आला. काल माझी मुलगी तेच चाडं डोक्यावर टोपीसारखं घालून फिरत होती. तिला आंघोळ घातली, कपडे धुतले. काकी म्हणते सोसायटीतनं पुडीत औषध यायचं, परातीत बियाण्याला चोळायचं, हात राखेने घासून धुवायचे. काय औषध ते तिला ठाऊक नाही. "वास उग्र हुता" एवढंच.

काळी_माती, तुमचं म्हणणं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तेच करावंसं वाटलं होतं, खरंच. पण आता नाही. काकीच्या हातात मी ते देणार नाही.

सुताराचा_नातू
मग दुसरं चाडं करून घ्या. याच मापाचं, बाभळीच्या लाकडाचं. जुनं बघून नवं करणं हेच आमच्या घरातलं शिक्षण होतं, आजोबांकडे कागदावर एकही माप नव्हतं. जुनं विश्रांतीला ठेवा, पेरायचं ते नव्याने.

आणि ते तिसरं भोक मोठं का, त्यावर विचार करतोय. तुटलेल्या काठामुळे वाटत असेल, पण मधल्या नळीला वाट सरळ, बाजूच्यांना तिरकी. जाणते सुतार भोकं त्या हिशोबाने लहानमोठी ठेवायचे. मोठं भोक मधलं आहे की बाजूचं?

माळवदावरची
बाजूचं. उजवीकडचं.

सुताराचा_नातू
डाव्या हाताने सोडलेलं बी उजव्या भोकाकडे कमी जातं. मग ते मुद्दाम मोठं केलेलं असणार. तुमच्या आजीसाठी.

वऱ्हाडची_लेक
कुणीतरी तिच्या डाव्या हाताला नावं न ठेवता भोक मोठं करून दिलं. कोण असेल तो सुतार!

माळवदावरची
(अडीच महिन्यांनी) बरेच दिवस लिहिलं नाही, माफ करा. सोमवारी माळवद पाडलं. मी गेले होते. माती इतकी उडाली की अर्धा तास काही दिसलं नाही. बळदाच्या तोंडाची ती फळी आणि एक फण घेऊन आले. उरलेल्या कुरीचं दिंड हातात घेताच भुगा झालं. चुलतभावाने न सांगता दारावरची नक्षीची पट्टी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. त्याच्यावर मी मनातून उगाच रागावले होते.

काळ्या कागदावर अठराव्या दिवशी ताज्या पिठाच्या चार ढिगल्या दिसल्या. एका ओळखीच्यांचं आइस्क्रीमचं दुकान बंद झालंय, त्यांचा रिकामा डीप फ्रिजर मिळाला. दोन पिशव्या, वर चिकटपट्टी, मोठ्या अक्षरांत "उघडू नये". सोळा दिवस ठेवलं. त्यानंतर आज सहा आठवडे झाले, कागद कोरा आहे. भोकाच्या काठाला पॅरालॉइड जतनाचं_काम या ताईंनी स्वतः येऊन लावून दिलं. बाकी काही केलं नाही. चीर आहे, पत्रा आहे. पावसाळ्यात चीर बरीच मिटलीय, सांगितलं होतं तसंच.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वस्तूंची दालनं पाहिली आणि एकदा वाटलं, आपलंही कुठेतरी द्यावं. काकी नको म्हणाली. आता ते दार असलेल्या कपाटात आहे, सोबत चिठ्ठी: कुणाचं, कुठल्या रानातलं, कोण डावरी होतं, बळदात का ठेवलं होतं, आणि हातमोज्याशिवाय हात लावू नये.

जतनाचं_काम
चिठ्ठी पेन्सिलने लिहिलीत ना? शाई फुटते. आणि कागद चाड्याच्या आत ठेवू नका, शेजारी ठेवा.

माळवदावरची
पेन्सिलनेच. शेजारीच.

माळवदावरची
(ऑक्टोबर) शेवटचं सांगायला आले. गावातल्या सुतारमामांकडून बाभळीचं नवं चाडं करून घेतलं. त्यांनी वीस वर्षांत एकही केलं नव्हतं. जुन्याचे फोटो आणि मापं दाखवली, तर म्हणाले, उजवं भोक मोठं करायचं का सारखं? मी काकीकडे पाहिलं. काकी उजव्या हाताची. ती म्हणाली, "सासूबाईंचं व्हतं तसंच करा."

चुलतभाऊ ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पेरतो. पण बांधालगतचा एक तुकडा त्याने ठेवला. शेजारच्या वस्तीवर बैल आणि कुरी आहे, त्यांनी दिली. हस्ताचा पाऊस बरा झाला होता, ओल होती. मालदांडी ज्वारीचं बी, गंधक चोळलेलं. कुरी पुजली, नारळ फोडला. काकी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिने पदर खोचला, ओटीत बी घेतलं आणि मूठ चाड्यावर धरली. डावी. आम्ही सगळे बघत राहिलो. म्हणाली, ह्या भोकांना हाच हात लागतोय.

माझ्या मुलीला तिने मागे चालवलं. "आवळू नगंस. करंगळीकडनं सोड, अंगठ्यानं वरनं रेट. बैल थांबला की तू थांब." मुलीने अर्धा तास पेरलं असेल. मी फोनवर सगळं टिपलंय, काकीचा हात जवळून, आवाजासकट.

काल चुलतभावाने फोटो पाठवला. बी उगवलंय. काकीच्या ओळी सरळ लागल्यात. मुलीच्या ओळी सहज ओळखू येतात, एक दाट, एक बरी, आणि उजवीकडची जवळजवळ मोकळी. काकीने फोटो नाकाजवळ धरून पाहिला आणि म्हणाली, पोरीची मूठ डावीकडं कलतीय, आणि सुतारानं भोक अर्धा सूत कमी काढलंय. सुतारमामा मंगळवारी येणार आहेत.